किकला बांधलेली वायर

बाबांची फटफटी आमच्या उमेळ्याच्या वाडीत, चिकूखाली, गोणपाट पांघरून दोन महिने उभी होती. झालं होतं एवढंच, की एका सकाळी अर्नाळ्याच्या शाळेला निघताना घाईत त्यांची हँडलवरची छोटी लिव्हर दाबायची राहिली. ती दाबली की इंजिनातला दाब सुटतो आणि किक सहज फिरते. न दाबता अर्धवट मारली, तर किक उलटी येते. तशी ती आली आणि बाबांच्या नडगीचं हाड मोडलं.

प्लास्टर निघालं. बाबा माळ्यावर चढायला लागले, विहिरीवर जायला लागले. फटफटीचं नाव काढलं की मात्र पाय दुखायचा. एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी जवळच्या शाळेत बदली मागणारा अर्ज लिहून ठेवला. अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या पोरांवर या माणसाचा किती जीव! तो अर्ज टेबलावर पाहून मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी तेव्हा कॉलेजात होते. जगातलं सगळं मला कळत होतं.

आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन दुरुस्त करायला जूचंद्रचे एक मिस्त्री यायचे. त्यांनी गोणपाट उचलून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, लिव्हर इसरलात ना? मंग ती तुमच्या हातात ठेवाचीच नाय. किकलाच बांधू."

सायकलच्या ब्रेकची वायर त्यांनी किकपासून इंजिनापर्यंत नेली. किक खाली जाताना वायर ओढली जाणार आणि दाब आपोआप सुटणार. मग स्वतः किक मारून पाहिली. ती लोण्यासारखी गेली, पण इंजिन नुसतं फुसफुसलं. पुन्हा मारली, पुन्हा फुसफुस. विहिरीच्या इंजिनाला दाब सोडून हँडल दहा-बारा वेळा गरागरा फिरवतात आणि मग दाब देतात. मिस्त्रींचा हात त्या सवयीचा. इथे सगळं एकाच किकमध्ये उरकायचं होतं आणि यांची वायर शेवटपर्यंत दाब सोडतच राहिली.

मी तोंडावर हसले. म्हटलं, "मिस्त्री, हिच्यावर पाणी उपसायचंय का?"

"बराबर बोललीस, पोरी," म्हणत तेही हसले आणि फटफटी टेम्पोत घालून घरी घेऊन गेले. आठवडा सांगितला होता, तीन झाले. मी रोज बाबांसमोर मिस्त्रींचा उद्धार करत होते.

चौथ्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो, तर मिस्त्री फटफटीवर बसूनच वाडीत शिरले. किकच्या मुळाशी त्यांनी पत्र्याचा नखाएवढा तुकडा घासून बसवला होता. तो सुरुवातीला वायर ओढायचा आणि किक अर्ध्यावर आली की सोडून द्यायचा, म्हणजे इंजिन पेटायला लागणारा दाब परत मिळायचा. एवढंच. इतकं साधं आणि इतकं देखणं काम मी पुढे मोठमोठ्या इंजिनियरांच्या हातूनही फारसं पाहिलं नाही.

"मारा, मास्तर," म्हणून ते पाटाच्या पाण्यात पाय धुवायला गेले. बाबा सीटवर हात ठेवून उभे राहिले. पाय काही उचलेना. "मिस्त्री, अजून जरा दुखतो हो..." म्हणत ते वळले आणि थांबले.

मिस्त्रींनी पँट दुमडली होती. उजवी नडगी गुडघ्यापासून खाली काळीनिळी. जुने डाग पिवळे पडलेले, त्यांच्यावर नवे.

"हे काय?"

"काय नाय. इंजिनाचा टायमिंग मुद्दाम बिघडवून किक उलटी आणीत होतो. नायतर वायरवर भरवसा कसा ठेवाचा?"

"किती वेळा मारलीत?"

"उलटी येवाची बंद झाली तवर."

या माणसाला मी हसले होते!

बाबा त्या नडगीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पाय उचलला आणि किक मारली. पहिल्याच किकला इंजिन धडधडायला लागलं.

टेबलावरचा अर्ज मी त्याच दुपारी चुलीत घातला. बाबांनी तो कधी शोधला नाही.