पुस्तकात नसलेली म्हैस

पुस्तकांची पेटी आमच्या ओटीवर आली त्यात माझी हुशारी काही नव्हती. शाळेच्या खोलीत उंदीर झाले होते आणि आमचं घर रस्त्याला लागून होतं, एवढंच. शेणव्याच्या पुढे आमची वाडी. शहापूरहून आलेल्या एसटीच्या टपावरून दोघांनी ती लाकडी पेटी उतरवली, आणि मास्तरांनी सासूला विचारलं, घरात वाचता कोणाला येतं. सासूने माझ्याकडे बोट केलं. मी चौथी झाले होते. वाडीतल्या बाकी सुनांना तेवढंही येत नव्हतं.

हे साठ सालाच्या पुढेमागे. फिरत्या वाचनालयाच्या त्या पेटीत तीसेक पुस्तकं असायची. तीन-चार महिन्यांनी पेटी परत जायची, दुसरी यायची. त्याआधी मी वाचायचे ते वाण्याच्या पुडीचे कागद. मीठ-मसाला डब्यात ओतला की कागद सरळ करून चुलीपाशी वाचायचा. पुडीच्या कागदावर गोष्ट कधी पुरी नसते. कोणीतरी दार उघडतो आणि कागद संपतो. लग्नानंतर पाच वर्षं मी अशी अर्धी दारं बघितली. म्हणून पेटी आली तेव्हा मला काय वाटलं ते सांगत नाही, पण कुलपाची किल्ली मी गळ्यातल्या पोतीत अडकवली होती.

पुस्तक घरी न्यायला कोणी येत नसे. नेऊन करणार काय? तेव्हा दुपारी बायकाच ओटीवर येऊ लागल्या. भात झोडून झालं की आमच्याकडे पत्रावळ्या लावायचं काम असे. पळसाची पानं पुढ्यात घ्यायची, बांबूच्या बारीक चोयांनी टाचायची, चवड रचायची. हात चालू, कान मोकळे. मी भिंतीला टेकून वाचायची.

आणि सासू हुंकार द्यायची. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकार द्यायलाच लागतो. वाक्य संपलं की ‘हं’. हुंकार नाही तर गोष्ट पुढे जात नाही, आणि हुंकार आला की सांगणाऱ्याने थांबायचं नाही. सासूला वाटे पुस्तकालाही तेच लागू. मी एक ओळ वाचायची, ती ‘हं’ म्हणायची. दुसरी ओळ, ‘हं’. जात्यासारखं एका लयीत.

त्या दुपारी आठवल्या की आजही मला नीट सांगता येत नाही, काय खरं आणि काय नाही. ऊन ओटीच्या कडेपर्यंत येऊन थांबायचं. पानांचा ओलसर वास. गोठ्यात आमची म्हैस रवंथ करायची, तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा. मी पहाटे चारपासून उठलेली. अक्षरं हळूहळू मुंग्यांसारखी चालायला लागायची. पापणी खाली यायची. पण सासूचं ‘हं’ यायचं आणि तोंड पुढे बोलायचं. मी झोपेत बोलतेय हे मला कळायचं, आणि नाहीही कळायचं. नदी दिसायची, होडी दिसायची, माणसं आपापलं बोलायची, मी फक्त सांगायची. जाग यायची तेव्हा पान बोटाखाली तेच असायचं आणि एखादी बाई डोळे पुसत असायची. गोष्ट संपलेली असायची. मी पुस्तक मिटायची. पुढचं खरं काय होतं ते नंतर चुलीपाशी एकटीने वाचायची आणि गप्प बसायची. फसवायचं मनात नव्हतं. पण सांगितलं नाही, हेही खरं.

मग ती मुंबईची मुलगी आली. ग्रंथालयाचं शिक्षण घेत होती. पुस्तकं कशी मांडायची, कोणाला कशी द्यायची, याचंही कॉलेज असतं हे आम्हाला तेव्हा कळलं. खेड्यात गेलेल्या पेट्यांचं पुढे होतं काय, हा तिचा अभ्यासाचा विषय. चष्मा, दोन वेण्या, छापील कागदांचा गठ्ठा. आठ दिवस आमच्याच घरी राहिली. भाकरी करपली तरी खायची, विहिरीवर दोर सुटू द्यायची नाही, तेव्हा सासूला पसंत पडली.

मला ती पहिल्याच दिवशी म्हणाली, वहिनी, मी बघेन ते लिहीन. मुरबाडच्या बाजूला टोकावड्याचे लोक पेटी मागतायत. पेट्या थोड्या आहेत. जिथे पुस्तकं पडून असतील तिथली उचलून तिकडे देणार.

मी म्हटलं, लिहा. आणि भाजी चिरायला बसले.

तिने आधी वही तपासली. पुस्तक घेणाऱ्याची सही, अशा रकान्यात खालपर्यंत माझीच सही. कागदावर लिहिलं, वाचक एक. पुस्तकंही तिने उलटून बघितली. मी हळदीच्या हाताने कधी पान धरलं नाही, तेव्हा ती नवीकोरी. त्याचाही उलटाच अर्थ निघाला.

मग ती बायकांकडे घरोघर गेली. पुस्तकात काय आहे ते सांगा, म्हणून विचारायची. बायका बोलल्या, नको तितक्या बोलल्या. पेटीत एक नावाड्याच्या बायकोची कादंबरी होती, ती सगळ्यांच्या आवडीची. नवरा पुरात वाहून जातो, बायको काठावर रोज दिवा लावते. शेवटी काय झालं? सगळ्यांनी एकच सांगितलं. तीन वर्षांनी नवरा आला, हाताला दाव्याने बांधलेली म्हैस. बायको त्याला म्हणाली, आधी म्हशीला पाणी दाखव, मग बोलू.

सहाव्या दिवशी दुपारी ती मुलगी ओटीवर आली. बायका पानं घेऊन बसल्या होत्या. तिच्या हातात तेच पुस्तक होतं. रागावलेली नव्हती, वाईट वाटलेलं दिसत होतं.

“पुस्तकात म्हैस नाही,” ती म्हणाली. “तो परत येतच नाही. तुम्ही हे पुस्तक ऐकलेलं नाही. कोणीतरी तुम्हाला काय सांगायचं ते पढवलंय.”

बायकांना ते झोंबलं. समोरच्या घरात राहणारी माझी थोरली जाऊ म्हणाली, “नाय कशी? आमी काय मनची म्हैस आणली? कॉलेजात शिकून म्हैस दिसत नाय तुला?” सगळ्या हसल्या. एकीने मुलीच्या चष्म्यावरून काही म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी लाल झाली आणि कागदावर काहीतरी लिहायला लागली.

मी बघत होते. मी गप्प राहिले असते तर बायका खोट्या ठरल्या असत्या आणि पेटी टोकावड्याला गेली असती. बोलले तर पेटी राहील की नाही माहीत नव्हतं, पण या बायका उद्यापासून ओटीवर येतील का, तेही माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या ज्याला पुस्तक म्हणत होत्या त्यातलं किती माझ्या झोपेतलं, ते मलाच मोजता येत नव्हतं.

“म्हैस माझी,” मी म्हटलं. “पुस्तकातली नाय. मला झोप लागायची. तोंड चालू राहायचं.”

पानं टाचणारे हात थांबले. गोठ्यातली रवंथ तेवढी ऐकू येत होती, आणि त्या क्षणी ती म्हैस कुठून आली हे सगळ्यांना कळलं असणार.

सासूने माझ्याकडे बघितलं. “डोळं मिटून वाचायचीस ते मी बघत व्हते,” ती म्हणाली. “मला वाटलं पाठ झालंय. भटजीपण पोथी डोळं मिटूनच म्हणतो.”

मग तिने मुलीच्या हातातून पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर टाकलं. “आता डोळं उघडून वाच.”

मी शेवटचं पान काढलं. वाचलं. नदी उतरते. बायको म्हातारी होते. एका संध्याकाळी ती तेल घालायला विसरते आणि दिवा विझतो, आणि तिला ते दुसऱ्या दिवशी कळतं. बस. तेवढंच लिहिलं होतं. एका ओळीलाही हुंकार आला नाही. मी प्रत्येक ओळीनंतर थांबत होते, आणि हुंकार येत नव्हता, आणि तरी पुढे वाचत होते. अशी वाचायची वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही.

वाचून झालं. ऊन ओटीच्या कडेला तसंच थांबलेलं. कोणाच्या तरी मांडीवरून पान घसरलं. मग बऱ्याच वेळाने सासू म्हणाली, “हं.”

एकदाच. आणि मुलीला म्हणाली, “पेटीतली सगळी पुस्तकं हिला परत वाचायला लागणार. ती झाल्याशिवाय पेटी हलायची नाय. लिही.”

मुलीने कागद बघितला. ‘वाचक’ या शब्दावर काट मारून वर ‘ऐकणारे’ लिहिलं. ओटीवर होत्या तेवढ्या बायका एकेक करून मोजल्या. सगळ्यात आधी सासूला मोजलं. जाताना मला म्हणाली, वहिनी, हा रकाना छापील कागदात नव्हता, माझे कॉलेजातले मास्तर रागावतील. पण त्यांना दाखवीन. तिने शेवटी काय लिहिलं ते मी कधी वाचलं नाही. पेटी राहिली. टोकावड्यालाही पुढच्या वर्षी दुसरी गेली म्हणतात.

सगळ्या बायका परत आल्या नाहीत. थोरली जाऊ दोन महिने तोंड फिरवून विहिरीवरून जायची. तिला म्हैस पुस्तकातच हवी होती. आधी परत गेलेल्या पेट्यांतल्या गोष्टींचं तर काहीच करता येण्यासारखं नव्हतं. त्यांचे शेवट वाडीत मी सांगितले तसेच राहिले.

झोप माझी गेली नाही. पहाटे चारला उठणं तेच, ऊन तेच, म्हैस तीच. पण सासू आता माझ्या पापणीकडे बघत बसायची. ती खाली आली की हुंकार बंद. मग होडी तिथेच थांबायची, माणसं तोंडं उघडी ठेवून उभी राहायची, पाणीसुद्धा वाहायचं थांबायचं. मी डोळे उघडायची, बोटाखालची ओळ शोधायची, आणि जिथे सोडलं होतं तिथून वाचायला लागायची. मग ती म्हणायची, “हं.”