अखंड दिव्यापाशी

खरं सांगते, त्या वर्षापर्यंत मी भीतीलाच भक्ती समजत होते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कळंबोलीच्या नव्या वसाहतीत आमचा संसार नुकता मांडला होता आणि सासूबाईंनी नवरात्राचे घट पहिल्यांदाच माझ्या हाती सोपवले होते. घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही, नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच त्यांनी बजावलं होतं. पुढचं माझं मीच ठरवून टाकलं, की दिवा गेला तर घरावर काहीतरी येणार. ज्योत जरा फडफडली की मी धावत जाऊन हाताचा आडोसा धरायचे. पंखासुद्धा लावत नव्हते.

सहाव्या माळेला दुपारी शेजारच्या काकूंकडे फोन आला. तळोज्याला ह्यांच्या कारखान्यात गॅस गळला होता, ह्यांना पनवेलला दवाखान्यात नेलं होतं. याहून जास्त कोणी सांगेना. काकू चपला घालूनच आल्या. "चल लवकर, मी येते सोबत." आणि मी दिव्याकडे बघत उभी! आज लाज वाटते, पण पाय उचलेना. दिवा विझला तर हे जातील, असंच मनात घट्ट बसलं होतं.

तेवढ्यात पालेभाजीची पाटी घेऊन एक आजी जिना चढून आली. जवळच्या गावातली असावी. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझं तोंड बघून तिनं काकूंना विचारलं, पाटी उतरवली आणि सरळ घटासमोर बसली.

"तू जा गो बाय. दिव्यापाशी मी हाय."

अनोळखी बाईवर उघडं घर टाकून मी धावले. रिक्षात देवीचं नावही ओठावर येईना. दवाखान्यात हे बाकावर बसले होते. डोळे लाल, खोकून बेजार, पण बोलत होते. मी तिथेच रडले.

संध्याकाळी ह्यांना घेऊन घरी आले, तर दिवा तेवत होता. मी आजीच्या पाया पडायला वाकले, तशी ती ओशाळली.

"दोनदा इझला गो. मी परत लावला."

तिच्या मांडीवर आमची काडेपेटी होती. आणि हे माझ्या शेजारी उभे होते.

ती नेमकी त्याच दुपारी वर का आली, ते देवीला ठाऊक. निष्ठा म्हणजे काय, हे मात्र मला तिनं बसल्या जागी दाखवलं. भीती अजूनही वाटते. वाटली की काडेपेटी हाताशी घेऊन दिव्यापाशी बसते, आणि बाकीचं आईवर सोडते.