ओट्यावरचं नेट

मला राग लवकर येतो, पण तो मी कोणावर काढत नाही. घरात बडबडतो आणि दारात हसतो. पुढं जे झालं ते या सवयीपायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पुण्यात अठरा वर्षं काढून मी मारेगावला परत आलो, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. लग्न केलं नाही. विमा कंपनीत दवाखान्यांची बिलं तपासायचं काम आहे, आणि ते कुठूनही करता येतं असं कंपनीच मधल्या काळात म्हणू लागली होती. बाकीचे लोक घरून काम मिळालं म्हणून खूश होते. मी मात्र घर मिळालं म्हणून खूश होतो. पुण्यात एकदा चार दिवस तापानं फणफणून पडलो होतो. चार दिवसांत दारावर एकच माणूस आला, तो कुरिअरवाला, आणि त्याला शेजारचा फ्लॅट पाहिजे होता. इथं सकाळी आठपर्यंत माझं दार उघडलं नाही की शेजारच्या काकू खिडकीशी येतात. "काहो भाऊ, बरं नाही काय?" बस, एवढ्यासाठी मी आलो होतो.

काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला वाटी घेऊन गेलो. दही मला जमतं, पण विरजण टिकवता येत नाही. खाताना भान राहत नाही आणि सगळं चाटूनपुसून संपवतो. त्यांनी विरजण दिलं आणि आपला मोबाइल माझ्या हातात ठेवला. "तुमच्या घरचं नेट यात टाकून द्या जी. पोराचा चेहरा अटकून अटकून दिसते." मी टाकून दिलं, पासवर्डही सांगून ठेवला. दोन महिन्यांनी समोरच्या घरचे कंडक्टर काका, एसटीतून रिटायर झालेले, माझ्या ओट्यावर बसून मोबाइलवर कुस्त्या पाहताना दिसले. काकूंनीच पासवर्ड दिला होता. मी नुसतं विचारलं, तर म्हणतात कशा, "इरजन मांगलं तं नाही म्हनते काय कोनी? अन् देल्ल्यानं आपलं दही कमी होते काय?"

आमच्या गल्लीत खरंच विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. सगळ्या घरांचं दही कुठून तरी एकाच भांड्यातलं असतं. मी हसलो. बसा म्हटलं, चहा टाकतो.

हळूहळू ओटा भरू लागला. माझ्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात नेट सगळ्यात चांगलं येतं, हा शोध कंडक्टर काकांनी लावला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पलीकडे मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरचे जळालेले पंप दुरुस्त करायचं. तिथले चाचा काम आटोपलं की तांब्याच्या तारेचं रीळ हातात घेऊनच येऊन बसायचे. काकू कोपऱ्यात लसूण सोलत पोराशी बोलायच्या. मी आतून काम करता करता त्यांचं बोलणं ऐकायचो, आणि बडबडायचो, "घर हाये का बसस्टँड?" पण चार वाजले की सगळ्यांचा चहा मीच टाकायचो.

या वर्षी उन्हाळा लागला आणि माझं नेट बसलं. दवाखान्याचं बिल उघडायला बटण दाबावं, उठून पाणी पिऊन यावं, तरी पानावर ते गोल फिरतच राहायचं. मीटिंगमध्ये माझं तोंड अर्धं उघडं राहून थिजायचं. पुण्याहून आमच्या मॅडम म्हणायच्या, "सर, तुमचा आवाज तुटतोय." एकदा झालं, दोनदा झालं, आणि तिसऱ्यांदा त्यांनी मला एकट्याला फोन केला. बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, "वरून विचारणा आहे. महिनाअखेरपर्यंत लाइन स्थिर झाली तर तुमचं घरून काम कायम करून घेते. नाहीतर एक तारखेपासून तुम्हाला इकडं यावं लागेल."

पुन्हा ती खोली, पुन्हा तो कुरिअरवाला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

नेटवाल्याला फोन करकरून माझ्या नाकी नऊ आले. पाचव्या दिवशी तो आला. घरात शिरला, इकडंतिकडं पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, राउटर कूलरच्या मांगं ठेवलं तुमी?"

"तिथं थंड राहते ना," म्हटलं. एवढ्या उन्हात मशीन तापू नये म्हणून मोठ्या शहाणपणानं मीच तिथं ठेवलं होतं.

"पत्र्यातून अन् पान्यातून कसं जाईन ते? अर्धं नेट तुमचा कूलरच पिऊन राह्यला."

त्यानं राउटर काढून कपाटावर ठेवलं, तारेचं टोक कापून नवं बसवलं. थोडा फरक पडला. पण तो घरात असतानाच, अकराच्या सुमारास पुन्हा तेच. मग त्यानं मोबाइलवर एक यादी उघडून माझ्यासमोर धरली. माझ्या नेटवर त्या घडीला कोण कोण आहे त्याची. चौदा नावं होती. माझी त्यातली दोन. आणि एक तर मोबाइल नव्हताच, चाचांच्या दुकानातला टीव्ही होता. सकाळपासून रात्रीपर्यंत त्यावर कव्वाली चालायची आणि ती ऐकत ऐकत मी बिलं तपासायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

माझं डोकं सणकलं. पण ओट्यावर तेव्हा कंडक्टर काका बसले होते आणि त्यांनी आत पाहून हात केला. मीही हात केला.

नेटवाला हळूच म्हणाला, "नुसता पासवर्ड बदलवसान तं उद्या पुन्हा मांगतीन. नाव बी बदलवून टाका अन् लपवून ठेवा. कोनाच्या मोबाइलात दिसनारच नाही. भांडन नाही, तंटा नाही."

भांडण नाही, तंटा नाही. माझ्यासारख्या माणसाला याहून गोड काय पाहिजे? कंडक्टर काकांना बोलवून सांगता आलं असतं की काका, माझी नोकरी जाऊन राह्यली, महिनाअखेरपर्यंत हात आवरा. चाचांना टीव्ही तेवढा बंद ठेवा म्हणता आलं असतं. कोणीही ऐकलं असतं. पण सांगायला तोंड लागतं, ते माझ्याजवळ नाही. म्हटलं, बदलव.

दुसऱ्या दिवशी नेट असं पळालं की काय सांगू! बिलाची शंभर पानं टिचकी वाजवावी तशी उघडली. मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "वा, सर! आणि आज मागं आवाजही नाही कसला." मी मान वळवून पाहिलं. खरंच आवाज नव्हता. चाचांचा टीव्ही बंद होता. वाइंडिंगचं हँडल तेवढं फिरत होतं.

चार वाजता सवयीनं चौघांचा चहा टाकला. ओट्यावर कोणी नव्हतं. असेल बुवा ऊन, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ऊनच असेल. तिसऱ्या दिवशी कंडक्टर काका समोरच्या बाजूनं भिंतीला धरून चालत गेले, माझ्याकडं पाहिलं, हात वर केला आणि पाय उचलून लगबगीनं निघून गेले. चाचांनी दुकानाच्या दारातूनच सलाम केला. काकूंच्या घरातून लसणाचा वास यायचा, काकू यायच्या नाहीत.

मग मला राग आला. मतलबी लोक! नेट होतं तोवर भाऊ, आणि नेट संपलं की कोण भाऊ! मी कूलरला सांगायचो हे सगळं. दुसरं होतं कोण? तीन आठवडे मी चार कप चहा एकट्यानं प्यालो, कारण कमी टाकायला मन घेत नव्हतं. टाकला एकाचाच, तर मग ते कायमचंच झालं, असं वाटायचं. पुण्यात एकटं राहणं वेगळं होतं, तिथं कोणी नव्हतंच. इथं भिंतीपलीकडं भांडी वाजतात, रस्त्यापलीकडं लोक खोकतात, आणि तरी आपल्या ओट्यावर धूळ साचते. ती धूळ मी रोज सकाळी झाडायचो. कोणी बसलं तर कपडे खराब होऊ नयेत म्हणून.

काकूंकडं विरजणाला जायचीही लाज वाटायची. दही विकतचं आणलं, ते गोड निघालं. घरचं जुनं पुरवून पुरवून वापरलं तर त्याला तार सुटली.

महिनाअखेरीला मेल आला. घरून काम कायम. मॅडमनी खाली स्वतःहून लिहिलं होतं, आता निश्चिंत तिथंच राहा. मी दोनदा वाचला. मग उठून ओट्यावर आलो, कोणाला तरी सांगावं म्हणून. दुपारचे दोन वाजले होते, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आता काय करायचं ते कळेना. आत जाऊन वाटी घेतली आणि काकूंच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, काय बोलायचं ते बोलू देत. निदान बोलतील तरी.

"या या, बसा जी. किती दिवसानं!" त्यांनी वाटी हातातून घेतली, विरजण घातलं, वर अजून एक चमचा घातला. मग माझ्यासमोर बसून आवाज खाली आणला. "भाऊ, एक विचारू काय? नेट बंद पडलं ना तुमचं?"

मी त्यांच्या हातातून वाटी घेतली.

"मले त्याच दिवशी समजलं. मोबाइलात तुमचं नावच येईना. मी साऱ्याईले सांगतलं, भाऊच्या ओट्यावर जाऊन नका बसू आता. त्याईचं कामच नेटवर हाये. नेट बंद म्हंजे काम बंद. मानूस घरी बसून राह्यते तवा लोकाईनं त्याच्या तोंडासमोर येऊन चाय पेनं बरं दिसते काय? चाचानं तं टीव्ही बी लावला नाही. म्हने, उधर उनका काम बंद है, इधर हम गाना कैसे सुनें."

वाटी माझ्या हातात होती. आता सांगावं, असं मला अगदी वाटलं. अजून एक क्षण मिळता, तर सांगितलंही असतं. पण काकू माझ्याकडं अशा पाहत होत्या, जसं तापात पडलेल्या माणसाकडं पाहतात. पुण्यात चार दिवस मी याच नजरेची वाट पाहिली होती.

"हो काकू," मी म्हटलं, "बंदच आहे."

"मंग सांगाचं नाही काय? येडेच हा तुमी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खिडकीशी खुडबुड झाली. काकूंनी आपला मोबाइल आतल्या कट्ट्यावर ठेवला होता, हॉटस्पॉट लावून. कोणाकडून तरी शिकून आल्या होत्या. "मले रोजचं दीड जीबी भेटते. म्हातारीले कायले लागते तेवढं? काम करा तुमी." आणि लसणाची परडी घेऊन ओट्यावर बसल्या.

आत माझ्या कपाटावर राउटरचे हिरवे दिवे जळत होते. मी उठून त्यावर रुमाल टाकला.

आज नववा दिवस आहे. काकू दहाला येतात, एकला मोबाइल घेऊन जातात. मधल्या वेळात सुरतेहून पोराचा फोन आला तर माझ्या खिडकीत उभ्या राहून बोलतात, आणि थोडक्यात आटोपतात, म्हणे भाऊचं काम खोळंबते. परवापासून कंडक्टर काकाही येतात, कोपऱ्यात न बसता मधोमध बसतात, आणि मोबाइल खिशातून काढत नाहीत. चाचा आले की काकू तोंडावर बोट ठेवतात. चारचा चहा पुन्हा चौघांचा होतो. मी मोबाइल परत देताना खाली पाहतो, आणि काकूंना वाटतं, मला उपकाराची लाज वाटते.

सांगायचं आहे. रोज ठरवतो. काकू रागावणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. "बरं झालं बाप्पा, सुरू झालं ते," म्हणतील, मोबाइल उचलतील, परडी उचलतील, अन् घरी जातील.

"चालून राह्यलं ना भाऊ?" आत्ताच खिडकीतून विचारलं त्यांनी.

"चाललं काकू," मी म्हटलं. "बसा तुम्ही."