गावाची खोली

आज माझ्या दवाखान्यात लांज्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन सल्ला विचारायला आले. तिला डॉक्टर व्हायचंय, घरात तिच्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. म्हणाले, "मॅडम, मुंबईच परवडेल. आमच्या गावाची खोली आहे तिथं."

पोरगी खाली मान घालून बसलेली. मंडळी, मी हातातलं पेन खाली ठेवलं.

ऐंशीच्या दशकात, माझ्या बारावीनंतर, बाबा अगदी हेच म्हणाले होते. गावाची खोली म्हणजे आमच्या गावचे गिरणीकामगार पाळीपाळीने झोपायचे ती एकच खोली. सगळे काका-मामाच. पण तिथे बाईमाणूस कधी राहिलेलं नव्हतं. मी कपडे कुठे बदलणार, अभ्यास कुठे करणार? बोलले असते तर शिक्षणच राहिलं असतं. आई रोज विचारायची, "जेवत का नाहीस गो?" मी म्हणायचे, "भूक नाही."

प्रवेशाच्या दिवशी कारकुनाने सहज विचारलं, "मुलींच्या वसतिगृहात राहणार ना?" असं काही असतं आणि ते आपल्याला परवडतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं!

परतीच्या एसटीत बाबा हळूच म्हणाले, "बरं झालं गो. त्या खोलीच्या काळजीनं माझा डोळा लागत नव्हता."

म्हणजे दोघंही घाबरलेले, आणि दोघंही गप्प.

आज हे सगळं त्या दोघांना सांगितलं. पोरीने पहिल्यांदा मान वर केली. बापाने मात्र खाली घातली.

तुमच्या घरात सध्या कुणी "भूक नाही" म्हणतंय का?