सुभेदार साळुंखे यांची कपाट-तपासणी

मस्कत आणि परिसरातील समस्त मराठी कुटुंबांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सुभेदार ज्ञानोबा साळुंखे आज आपल्या घरी जेवायला येत आहेत. तरी गृहिणींनी स्वयंपाकाची चिंता करू नये. आमटी करपली तरी क्षमा होईल. औषधांचं कपाट मात्र आवरून ठेवावं. हुकमावरून.

असा जाहीरनामा कुणी काढला नव्हता, पण काढायला हवा होता. आमच्याकडे सुभेदार पहिल्यांदा आले तेव्हा मी बेसावध सापडले. आमचे हे नौदलातून निवृत्त होऊन इथे नोकरीला लागलेले, त्यामुळे माजी सैनिकांचं येणं-जाणं घरात नेहमीचंच. सुभेदारांनी चपला काढल्या, पाण्याचा पेला रिकामा केला आणि विचारलं, "वहिनी, घरातला दवाखाना कुठाय?"

मला वाटलं, डोकं दुखत असेल. मी कपाट दाखवलं. श्रीखंड टेबलावर राहिलं बाजूला आणि पलटणीत किट तपासतात तशी तपासणी सुरू झाली. एकेक बाटली उजेडात धरायची, तारीख वाचायची, मुदत संपलेल्यांना डावीकडे रांगेत उभं करायचं. सासूबाईंचं खोकल्याचं औषध हातात घेऊन म्हणाले, "हे माझ्या भरतीच्या वेळचं दिसतंय. ह्याला आता पेन्शनीत काढा."

आता गंमत बघा. मी इथल्या एका रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. दिवसभर खिडकीत बसून लोकांना औषधांच्या तारखा समजावते. आणि माझंच माझ्या घरात कोर्ट मार्शल चाललं होतं! आमचे हे श्रीखंडात बोट बुडवून निष्पक्ष साक्षीदारासारखे बसले होते.

सुभेदार साताऱ्याकडचे. उंची बेताची, मिशी मात्र दोघांत वाटून घ्यावी एवढी. अल मवालेहच्या भाजी-फळांच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामाची राखण त्यांच्याकडे होती. फौजेत असताना डोंगरात गाडी उलटली आणि पाठ कायमची दुखावली. त्यासाठी डॉक्टरांनी कडक गोळ्या दिलेल्या. इथे अशा गोळ्यांबाबत नियम फार कडक, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी ते प्लास्टिकमध्ये घालून छातीच्या खिशात ठेवत. "बायकोचा फोटो मागे, चिठ्ठी पुढे," असं स्वतःच सांगून हसत.

मुदत संपलेल्या बाटल्या हे निमित्त होतं. त्यांची खरी शोधाशोध असायची ती या कडक वेदनाशामकांची. ती सापडली की लगेच प्रश्न, "आणि उतारा कुठाय?" ही औषधं प्रमाणाबाहेर अंगात गेली तर माणूस झोपेत जातो आणि श्वास मंदावत मंदावत थांबतो. त्यावर नाकात मारायचा एक फवारा असतो. फवारा मारायचा, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची, माणूस वाचू शकतो. त्याचं नाव नालॉक्सोन. सुभेदारांच्या जिभेला ते मानवेना. ते 'उतारा' म्हणत, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो.

"जिथं दारूगोळा, तिथं वाळूची बादली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी म्हणालं, "अहो, काही होत नाही, इन्शाल्ला," तर म्हणायचे, "इन्शाल्ला आहेच. बादली पण भरून ठेवा."

एकदा मी भाजी आणायला अल मवालेहला गेले, तर गोदामासमोर ही गर्दी! मधोमध सुभेदार, समोरच्या पेटीवर एक कलिंगड. कलिंगडाला खडूने डोळे, नाक, तोंड काढलेलं, वर मिशीसुद्धा. सर्दीच्या फवाऱ्याची रिकामी बाटली घेऊन सुभेदार ट्रकवाल्यांना धडा देत होते. "मान जराशी मागं. नळी नाकात. यल्ला, दाब!" त्यांचा अर्बाब, म्हणजे गोदामाचा ओमानी मालक, हसून हसून पोत्यावर बसला होता. "मजनून!" तो मला म्हणाला. वेडा आहे म्हणे. मग उठून पुढे झाला आणि त्याने स्वतःच कलिंगडाच्या नाकात फवारा मारून पाहिला.

या माणसाला हे वेड कुठून लागलं, ते मी बरेचदा विचारलं. उत्तर एकच, "फौजेची खोड."

साऱ्या मस्कतमध्ये एकच कपाट त्यांनी कधी उघडलं नाही. कर्नलसाहेबांचं. कर्नलसाहेब म्हणजे आमच्या मराठी माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या घरी सुभेदार खुर्चीच्या कडेवर बसायचे, चहा घोटाघोटाने प्यायचे आणि परत यायचे. मी टोचलं, "काय हो सुभेदार, तिथे नाही तपासणी?" तर खरंच दचकले. "वहिनी! साहेबाच्या सामानाला जवान हात लावतो का कधी?"

आणि इथे माझी अवस्था काय सांगू! कर्नलसाहेबांचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं. पाठीला चिकटवायच्या वेदनाशामक पट्ट्या ते माझ्याच खिडकीतून नेत. साऱ्या गावात सगळ्यांत जहाल औषध त्यांच्याच घरी, आणि तेच एक घर तपासणीतून सुटलेलं. पण खिडकीतून जे जातं ते फार्मसिस्टच्या तोंडातून जात नाही. आज लिहिते आहे, कारण पुढे ते भर सभेत उघड झालं, आणि माझ्याकडून नव्हे. मी साहेबांना खिडकीतच हलक्या आवाजात म्हटलं होतं, "साहेब, डॉक्टरांना सांगून उतारा लिहून घ्या. घरात असू द्या." साहेबांनी पाकीट उचललं. "मॅडम, मी फौजी आहे. नशेबाज नाही."

अशात सुभेदारांच्या मोबाईलवर बातमी आली की अमेरिकेत माजी सैनिकांना हा उतारा सहज आणि फुकट मिळावा म्हणून कायद्याची खटपट चालली आहे. झालं! सुभेदार थेट माझ्या खिडकीत. "त्यांच्या फौजींची पाठ दुखते आणि आमच्यांची काय गुदगुल्या करते? आपल्याकडंबी कायदा पायजे. वहिनी, मी ठराव मांडतो."

मंडळाची वार्षिक सभा मस्कतच्या रुवी भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरली. पद्धत अशी की मताचा अधिकार फक्त माजी सैनिकांना. आम्ही बायका मागे, बटाटेवडे आणि चहाच्या मोर्चावर. सुभेदार कडक इस्त्रीत आले, काखेत कलिंगड. ते कुणीतरी लगेच कापायलाच घेतलं होतं, मी झडप घालून वाचवलं.

ठराव छोटाच होता. ज्या सभासदाच्या घरी असं औषध आहे त्याने डॉक्टरांकडून उतारा मागून घ्यावा आणि घरच्यांना वापरायला शिकवावा. आणि भारतात माजी सैनिकांना जिथे हे औषध मिळतं तिथे उतारा सोबत मिळालाच पाहिजे, असा कायदा करावा म्हणून मंडळाने सरकारला लिहावं.

कर्नलसाहेबांचा चेहरा आक्रसला. "साळुंखे, हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? मराठी फौजी नशेच्या औषधावर ठराव करतात? आणि हा परका देश आहे. सगळ्यांच्या व्हिसाचा प्रश्न आहे."

"साहेब, चिठ्ठीवरच्या औषधाला कसली नशा?"

"ठीक आहे. अनुमोदक कोण?"

कुणी हललं नाही. आमच्या ह्यांच्याकडे मी डोळे वटारले, तर ते छतावरचा पंखा जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखे पाहत होते. साहेबांच्या विरोधात हात वर करायची सवयच नव्हती कुणाला. मागून एकजण म्हणाला, "सुभेदार, कलिंगडाला विचारा, देतंय का अनुमोदन!" हशा झाला.

"अनुमोदक नाही, म्हणजे खलास," साहेब म्हणाले. "पुढचा विषय."

सुभेदार खाली बसले नाहीत. सावधानमध्ये उभे राहिले. "साहेब, परवानगी असंल तर एक सांगतो. आमच्या पलटणीत नाईक शिंदे होता. माझ्याच गावचा. पाय गेला त्याचा. पाठीला ती दुखण्याची पट्टी असायची. एका दुपारी दुखणं सोसंना म्हणून एकावर दुसरी लावली. झोपला. घोरायला लागला, हे मोठ्यानं, अडकत अडकत. बायकोला काय ठावं, साहेब? तिला वाटलं, किती दिसानं माणसाला गाढ झोप लागली. तिनं अंगावर गोधडी घातली. पोरं दंगा करत होती, त्यांना अंगणात घालवलं आणि दार लोटून घेतलं. चहाला उठवायला गेली, तवर सगळं झालं होतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अजून मला विचारती, भाऊजी, मी गोधडी घालायला नको होती का?"

कर्नलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज खाली आला, पण शेवटी ते नियमावरच आले. "फार वाईट झालं, साळुंखे. तरी पद्धत ती पद्धत. शेवटचं विचारतो. अनुमोदक?"

कुणाचाही हात वर गेला नाही. तेवढ्यात मागे, आमच्या मोर्चावर, चहाचा ट्रे दाणकन टेबलावर आदळला. एरवी सभेत एक शब्द न बोलणाऱ्या कर्नलसाहेबांच्या बायको खुर्च्या ढकलत पुढे आल्या, चेहरा पांढराफटक, आणि ओरडल्या, "माझं अनुमोदन! अहो, ह्यांच्या पाठीला ती पट्टी असते, दुपारी हे अस्सेच घोरतात, आणि मी दार लोटून घेते हो!"