फळ्याच्या कोपऱ्यातली ओळ

विहिरीला खडक लागला, पाणी लागलं नाही, आणि मी फळ्यावर काही लिहिलं नाही. तो शुक्रवार होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्धा जिल्ह्यात, कारंज्याहून आष्टीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी मास्तर होतो. गावाला नळयोजना मंजूर झाली होती. समितीत गावातले एक किराणा दुकानदार होते, दोघे संत्रा बागाईतदार होते, दोन बाया होत्या. लिहिणारा कोणी हवा म्हणून मला सचिव केलं. कामाची खबर लोकांपर्यंत वेळच्या वेळी पोचवणं माझ्याकडे आलं. मी ते शाळेतल्यासारखंच केलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक जुना फळा टांगला आणि दर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, त्यावर आठवड्याचं काम लिहू लागलो.

पहिला मजकूर मला अजून पाठ आहे: ‘सदर योजनेचे काम प्रगतिपथावर असून ग्रामस्थांनी सहकार्य करावे.’ बायको बाजारातून परतताना तो वाचून आली. तिचं माहेर आष्टीजवळचं. माझं बालपण वर्ध्याच्या शाळेत आणि वाचनालयात गेलेलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "हे कोणासाठी लिहिलं जी?"

गावासाठी, असं मी म्हणालो.

"मंग गावाले समजन असं लिहा. चर कुठवर आला, पाईप आले का नाई, येत्या आठवड्यात कोणाच्या दारासमोर खणनार. लोकायले हे पाह्यजे."

पुढच्या शुक्रवारपासून मी तसं लिहिलं. लोक फळ्यासमोर थांबू लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसरं कोणी वाचून दाखवायचं.

नाल्यापलीकडे गोंडांची टोली होती, वीसेक घरांची. बायको तिथल्या अंगणवाडीत होती आणि कामचलाऊ गोंडी बोलायला शिकली होती. विहिरीची जागा ठरली ती टोलीतल्या एका म्हाताऱ्याच्या शेतात, नाल्याच्या काठाला. त्याने जागा दिली आणि एकच अट सांगितली: पहिलं पाणी टोलीले. कागदावर असं काही लिहायची सोय नव्हती. बायको म्हणाली, फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि पुसू नका. मी लिहिलं, तिच्याच बोलीत: ‘पहिलं पाणी टोलीले.’ दर शुक्रवारी बाकीचा फळा पुसताना मी तेवढा कोपरा सोडायचो. अक्षर पुसट झालं की पुन्हा गिरवायचो. टोलीतलं कोणी फळा वाचायला येत नसे. तिथली खबर बायकोच्या तोंडून जायची.

मग खडक लागला. सुरुंग लावून आणखी थोडं खाली गेले, तरी कोरडंच. मला वाटलं, काही बरं घडू दे, मग दोन्ही एकदमच लिहू. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. फळ्यावर फक्त कोपऱ्यातली ओळ होती.

तेवढ्यात गावात भलतंच पसरलं. कोणी म्हणे, विहीर हायवेच्या ढाब्याजवळ हलवताहेत. टोलीत पोचलेली गोष्ट याहून वाईट होती. पाणी केव्हाच लागलंय, पण पहिलं टोलीला द्यावं लागेल म्हणून गाव लपवतंय, असं तिथे बोललं गेलं. टोलीने आपल्या वाट्याचा चर खणणं थांबवलं. सोमवारी मी मधल्या सुट्टीत घरी होतो, तेव्हा बायको अंगणवाडीतून लवकर परतली. खिचडीचं पातेलं जसंच्या तसं भरलेलं होतं. एकाही आईने पोर पाठवलं नव्हतं.

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "काऊन लिहून नाई राह्यले तुम्ही?"

"लिहिण्यासारखं काही नाही."

"पाणी लागलं नाई, हेच लिहा. तुम्ही गप बसले त लोक मलेही लबाड समजून राह्यले."

मास्तराला वाटतं, फळ्यावर लिहिलं म्हणजे सगळ्यांना कळलं. आणि लिहिलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, असंही त्याला वाटत असावं. त्याच दुपारी, बाजाराचा दिवस नसताना, मी लिहिलं: ‘खडक लागला. पाणी लागलं नाई. पुढे काय करावं आमाले ठाऊक नाई.’ समितीच्या सचिवाने असं लिहावं का, यावर नंतर चर्चा झाली. पण आधी, शाळा सुटल्यावर, आम्ही दोघं टोलीत गेलो.

आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. बायको गोंडीत काही बोलली. मी फळ्यावरचं जसंच्या तसं सांगितलं. म्हातारा उठला आणि शेताकडे चालू लागला. आम्ही मागून गेलो, आमच्या मागून टोली आली. त्याने विहिरीत एक दगड टाकला. खाली खडकावर दगड आपटल्याचा आवाज आला. मग तो हसला.

"येवढंच होतं त सांगाले काय झालतं?"

त्याने नाल्याच्या अंगाला असलेल्या उंबराकडे हात केला. भर उन्हाळ्यातही त्याचा पाला सुकत नाही, म्हणाला. पाणी तिकडून येतं. खाली जाऊ नका, आडवं जा.

मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही.

"तुम्ही सांगत होते, गुरुजी. इचारत कुठं होते?"

बायको मान फिरवून हसली. घरी येईपर्यंत हसत होती.

वर्ध्याहून आलेल्या इंजिनिअरसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा तेही हसले, पण जाऊन उंबर पाहून आले. विहिरीच्या आतून उंबराच्या दिशेने आडवे बोअर घेतले. पहिले दोन कोरडे गेले. तिसऱ्यातून आधी लाल चिखल आला आणि मागून पाणी. त्या शुक्रवारी मी फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे आम्ही सांगायचं, उजवीकडे लोकांनी. उजवीकडची पहिली तक्रार दुकानदारांचीच होती: ‘चर आठ दिवसांपासून उघडा आहे. गिऱ्हाईक उडी मारून दुकानात येते.’ दुसऱ्या दिवशी चर बुजला. टोलीचं म्हणणं बायको आणायची आणि मी तिच्या शब्दांत लिहायचो. टोलीने चर पुन्हा खणायला घेतला. अंगणवाडीतली पोरं त्याआधीच परत आली होती.

उद्घाटनाचं ठरलं. वर्ध्याहून पाहुणे येणार होते, गावच्या चौकात मंडप पडला होता. टाकी मात्र अर्धीच भरली होती. एका वेळी एकाच बाजूचा व्हॉल्व्ह उघडता येणार होता. आदल्या दिवशी, ऐन बाजारात, दुकानदार फळ्यापाशी आले.

"गुरुजी, पाव्हण्याले काय कोरडा नळ फिरवाले लावता? गावाचा व्हॉल्व्ह खोला. टोलीले दुपारी देऊ. कोणाले कळते?"

मला सभेत बोलता येत नसे, अजूनही येत नाही. माझ्या हातात डस्टर होता. तो मी त्यांच्यापुढे केला आणि म्हणालो, "मग ती ओळ तुम्ही पुसा."

त्यांनी डस्टर घेतला. भाजीवाल्या बायांनी तोलणं थांबवलं. ते कोपऱ्याकडे पाहत राहिले, वळून लोकांकडे पाहिलं, आणि डस्टर परत माझ्या हातात दिला.

"आता सारं गाव वाचून बसलं. कसा पुसू?" मग बागाईतदारांकडे वळून म्हणाले, "मंडप उचला. टोलीत न्या."

मंडप गेला तो दुकानदारांच्याच ट्रॅक्टरवरून.

दुसऱ्या सकाळी टोलीच्या नळातून आधी हवा फुसफुसली, मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. पाहुण्यांच्या हातात कात्री तशीच राहिली. म्हाताऱ्याच्या बायकोने घागर लावली होती आणि ती भरून वाहू लागली होती. टोली हसत होती, गाव हसत होतं, दुकानदार सगळ्यांत मोठ्याने हसत होते. बायको पोरांच्या घोळक्यात उभी होती, पदर भिजलेला. तिने दुरूनच मला हाताने लिहायची खूण केली. मी फळ्यापाशी गेलो आणि लिहिलं: ‘आज पाणी आलं. पहिलं टोलीले.’

काही वर्षांनी दवाखान्यातून बायकोचा रिपोर्ट आला, तेव्हाही मी तीन दिवस कोणाला काही कळवलं नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "फळा कोरा नोका ठेवू जी." मी सगळ्यांना सांगितलं. टोलीतून माणसं आली, दुकानदार आले, आणि शेवटपर्यंत घरात कोणी ना कोणी होतं.

ती गेली. मी आता वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहतो. फळा गावच्या शाळेच्या व्हरांड्यात आहे, त्यावर ती ओळ नाही. टोलीतला नळ चालू आहे.