बटण सोडल्यावर

सुलभामावशी शेजारी नसत्या, तर त्या संध्याकाळी मी रेडिओ बंद करून उठले असते. कामासाठी भूजला आलेय, मावशींकडे भाड्यानं राहते. त्यांच्याच गच्चीवर दोन बांबूंमध्ये तांब्याची तार ताणून मी अँटेना बांधली. हौशी रेडिओवरून दूरच्या अनोळखी माणसांशी बोलायच्या परवान्याचा अभ्यासही त्यांनीच घेतला. तरी नववीत शाळा सोडलेल्या माझ्याशी कोण बोलणार, ही धास्ती होतीच. पहिली हाक दिली. उत्तर नाही. माइकचं बटण घट्ट धरून मी बसले होते, रेडिओवरचा लाल दिवा जळत होता.

"अगं बये, बटण सोड की! समोरच्यानं बोलायचं कधी?" मावशी म्हणाल्या.

बोट उचललं. दिवा विझला, खरखर आली, आणि तिच्यातून आवाज: "नागपूरहून बोलतोय, ताई. स्वच्छ ऐकू येतंय."

घाबरलेलं माणूस असंच असतं बहुधा. कुणी उत्तर देत नाही म्हणून झुरतं, आणि उत्तराची वाट स्वतःच दाबून धरतं. आईच्या फोनवरही मी "बरी आहे, बरी आहे" म्हणत राहते, तिला काही विचारूच देत नाही.

मावशींना हल्ली कमी ऐकू येतं. मी मोर्स, ठिपके-रेघांची ती टकटक लिपी, शिकतेय. त्यांचे कान पुरते थकतील, तेव्हा लांबून आलेला शब्द न् शब्द मी त्यांच्या तळहातावर बोटानं वाजवून पोचवीन.